खिसाचाकू देण्याबाबत

मुद्रितशोधकाने घरात कुठल्याही कागदावर सही करू नये, हे मी स्वानुभवाने सांगतो. एकोणीस वर्षं मी एका छापखान्यात प्रुफं तपासतो आहे, आणि या कामाची खोड अशी की माणूस पुढे पुढे अक्षरंच वाचतो, मजकूर वाचत नाही. औषधाचं माहितीपत्रक असो, सभेची नोटीस असो नाहीतर कुणाचं मृत्युपत्र असो, मला त्यात वेलांट्या आणि उकार दिसतात, बाकी काही दिसत नाही. एकदा एका शोकसंदेशातून मी सात चुका काढल्या. संध्याकाळी घरी आलो तर बायको म्हणाली, आपले जुने घरमालक गेले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की सकाळी मी त्यांनाच दुरुस्त करून पाठवलं होतं.

तर एका रविवारी मी पाण्याच्या पंपांच्या माहितीपुस्तिकेची प्रुफं घेऊन बसलो होतो आणि आमच्या मुलीने त्या गठ्ठ्यात आपला एक कागद सरकवला. हिला घरात आम्ही फौजदार म्हणतो, कारण ती प्रश्न विचारते, उत्तर वहीत टिपून घेते आणि आठ दिवसांनी तेच उत्तर तुमच्या तोंडावर वाचून दाखवते. कागदावर लिहिलं होतं : ‘मला आठ वर्ष पुर्ण झाली की बाबा मला खरा चाकु देतील. प्लास्टीकचा नाही.’ मी ‘वर्ष’चं ‘वर्षे’ केलं, ‘पुर्ण’मधला पू दीर्घ केला, ‘चाकु’ला दीर्घ उकार दिला, ‘प्लास्टीक’ची वेलांटी ऱ्हस्व केली आणि खाली सवयीने लिहिलं, ‘वाचले. दुरुस्त करून छापण्यास हरकत नाही.’ त्याखाली सही आणि तारीख. दुसऱ्या दिवशी फौजदाराने तो मजकूर माझ्या दुरुस्त्यांसह स्वच्छ अक्षरात उतरवला, मूळ प्रत टाचणीने मागे जोडली आणि कपाटाच्या दारावर माझ्या डोळ्यांच्या उंचीवर चिकटवला. त्यासाठी तिला स्टूल घ्यावं लागलं होतं.

चाकूचं हे खूळ सुतारामुळे शिरलं होतं. आमच्या मागच्या दाराची फळी फुगली म्हणून तो दोन दिवस कामाला होता, आणि दोन्ही दिवस शाळा सुटल्यावर ही त्याच्यासमोर मांडी घालून बसली होती. त्याने खिशातून घडीचा चाकू काढून तिच्या पेन्सिलीला टोक करून दिलं. ते इतकं लांब आणि सरळ झालं की त्या पेन्सिलीने लिहायला तिचा जीव होईना. मग त्याने तिला एका काडीचं साल स्वतः काढू दिलं. ती काडी अजून तिच्या कंपासपेटीत आहे आणि तिला हात लावायला आम्हांला परवानगी नाही.

बायकोने कपाटावरचा कागद दोनदा वाचला. ती औषधाच्या दुकानात काम करते, त्यामुळे वाईट अक्षरातला नेमका अर्थ काढणं हा तिचा रोजचा उद्योग आहे. मी म्हटलं, आता काय करायचं? ती म्हणाली, “करायचं काय? सही तुमची आहे. आणि तिच्या हातात चाकू द्यायला माझी काही हरकत नाही. तुमच्या हातात असतो तेव्हा मला जास्त भीती वाटते.” हे मी मनाला लावून घेतलं नाही. सफरचंद कापताना माझ्या अंगठ्याला टाके पडले, ही गोष्ट खरी आहे, पण ते सफरचंदच मुळात गोल होतं.

खरं सांगायचं तर मी यातून निसटू शकलो असतो. आईबापांना ‘बघू’ नावाचा एक शब्द देवाने त्यासाठीच दिलेला आहे. पण गेल्या वर्षी सायकल ‘बघू’खाली गेली होती आणि त्याच्या आदल्या वर्षी पोहण्याचा क्लास. ‘बघू’ म्हणजे ‘नाही’, हे त्या पोरीला कळायला लागलं होतं. हल्ली मी ‘बघू’ म्हटलं की ती वही मिटून निघून जायची, हट्ट करायची नाही. तिने हट्ट केला असता तर मला बरं वाटलं असतं. ती आठ वर्षांची व्हायला दीड महिना होता, आणि या खेपेला बापाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही असं मी ठरवलं.

चाकू घेणं ही सोपी गोष्ट आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा आठ वर्षांच्या मुलीसाठी घेऊन पाहावा. भांड्यांच्या दुकानात मला फळं कापायची सुरी दाखवली. घडीची हवी म्हटल्यावर दुकानदाराने विचारलं, सुरी कशाला मिटायची? हार्डवेअरवाल्याने कागद कापायचं कटर दिलं आणि म्हणाला, पातं तुटलं की पुढचं येतं. आठ वर्षांच्या मुलीसाठी आहे म्हटल्यावर त्याने ते कटर माझ्या हातून काढून घेतलं. डोंगर चढणाऱ्यांच्या सामानाच्या दुकानात मात्र काचेच्या पेटीत चाकूच चाकू होते. एकात अकरा अवजारं होती. करवत होती, कात्री होती, दातकोरणं होतं, आणि माशाचे खवले काढायची पट्टी होती. मी ती सगळी उघडली आणि मग मला ती मिटता येईनात. दुकानातल्या बाईंनी शांतपणे तो माझ्याकडून घेतला, एकामागून एक अवजार आत लोटलं आणि विचारलं, “मूठ केवढी?”

माझी मूठ मी पुढे केली. बाई म्हणाल्या, तुमची नव्हे. मग त्यांनी मला दहा मिनिटं समजावून सांगितलं की पहिला चाकू बुटासारखा मापाने घ्यायचा असतो. पातं एकच हवं, उघडल्यावर अडकून बसणारं हवं आणि दांडा मुलाच्या मुठीत भरेल एवढा हवा. माझं आयुष्य मापाचे बूट न मिळण्यात गेलं असल्यामुळे मला ते पटलं. पण वस्तू तर गुपचूप आणायची होती. मी घरी आलो आणि सहज म्हटल्यासारखं फौजदाराला म्हटलं, हे गाजर जरा मुठीत घट्ट धर बघू. तिने धरलं. मी मुठीच्या दोन्ही बाजूंना पेनने खुणा केल्या. ती म्हणाली, “चाकूचं माप घेताय ना? मग गाजर दांड्याएवढं जाड नको का?” आणि जरा जाडसर गाजर तिने स्वतःच निवडून दिलं. त्या गाजरावरून मी चाकू आणला. लाकडी दांड्याचा, एका पात्याचा, पातं अडकवायला पितळी कडी असलेला, साधा आणि इतका देखणा की तो मी घरी येईपर्यंत चार वेळा खिशातून काढून पाहिला.

इथेच थांबलो असतो तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती. पण नवी वस्तू आणली की ती चार लोकांना दाखवल्याशिवाय आपल्याला ती आपली वाटत नाही. मी ती आधी वरच्या मजल्यावरच्या काकांना दाखवली. काका हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आहेत आणि सगळी इमारत त्यांना मागून पोचपावती म्हणते. शेजाऱ्याला वाटीभर साखर दिली तरी ते चिठ्ठीवर सही घेतात. त्यांनी चाकू उलटासुलटा केला आणि पहिलाच प्रश्न विचारला, “खिशातला चाकू म्हणता. मुलीला खिसा आहे का?”

मी घरी येऊन पाहिलं. नव्हता. सात फ्रॉक, दोन परकर, एक गणवेश, आणि सगळ्यांत मिळून एक खिसा नाही. मुलांच्या चड्ड्यांना चार चार खिसे असतात, ज्यांत ती दगड ठेवतात, आणि मुलींना मात्र रुमालसुद्धा हातात धरून हिंडावं लागतं, हा अन्याय आठ वर्षांत माझ्या नजरेला पडला नव्हता. माझी आई आमच्याकडेच असते. तिला चाकू पसंत नव्हता, पण खिशाची कल्पना आवडली. तिने मशीन काढलं आणि दोन दिवसांत दिसेल त्या कपड्याला खिसा लावला. गणवेशालाही लावला, आणि ओघात माझ्या पायजम्याला एक जास्तीचा लावला.

काकांचा दुसरा मुद्दा जास्त गंभीर होता. ते म्हणाले, “हे बघा, उद्या काही झालं तर शाळा म्हणेल आम्हांला माहीत नव्हतं. त्यांना आधीच कळवून ठेवा. माहितीस्तव. एक प्रत इमारतीच्या चिटणीसांना.” मी म्हटलं, पण चाकू शाळेत जाणारच नाही. तर म्हणाले, तेच कळवा. हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं की न कळवणं म्हणजे लपवणं आहे असं मला वाटायला लागलं. सरळमार्गी माणसाला कोणीही घाबरवू शकतं.

पत्राला शुद्ध मराठी शब्द हवा होता. ‘खिशातला चाकू’ हे पत्रात शोभत नाही, म्हणून मी विचार करून ‘खिसाचाकू’ असा सुटसुटीत शब्द तयार केला आणि मजकूर छापखान्यात टाइप करणाऱ्या बाईंना दिला. बाई हुशार आहेत. माझं अक्षर न लागल्यास त्या अंदाजाने जवळचा खरा शब्द घालतात. त्यांनी तो सगळीकडे ‘खिसेकापू’ असा टाइप केला. पत्र तपासायला माझ्याकडेच आलं. मी ते दोनदा वाचलं. खि ऱ्हस्व, पू दीर्घ, सगळं जिथल्या तिथे. मी ‘छापण्यास हरकत नाही’ असं लिहून दोन प्रती काढायला सांगितल्या. ते पत्र आता मला पाठ आहे.

‘महोदया, माझी कन्या पुढील महिन्यात वयाची आठ वर्षे पूर्ण करीत असून त्यानिमित्त तिला एक खिसेकापू देण्याचे मी योजिले आहे. सदर खिसेकापू लहान चणीचा व हलका असून वापरात नसताना तो पूर्णपणे मिटतो. मी तो स्वतः पारखून घेतलेला आहे. इतर दिवशी त्यास घरी कुलपात ठेवण्यात येईल व केवळ सुट्टीच्या दिवशी, वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली, तिला वापरण्यास देण्यात येईल. सदर खिसेकापू कोणत्याही परिस्थितीत शाळेच्या आवारात येणार नाही, याची मी हमी देतो. कळावे.’

इमारतीची प्रत चिटणीसांनी न वाचता फलकावर लावली. त्या आठवड्यात तीन बिऱ्हाडांनी दाराला दुसरी कडी बसवून घेतली, आणि लिफ्टमध्ये मी शिरलो की बायका पर्स पुढे धरायला लागल्या. मला वाटलं, बाहेर चोऱ्या वाढल्या असतील.

शाळेतून चौथ्या दिवशी बोलावणं आलं. मुख्याध्यापिका बाई वयस्क, चष्म्यावरून पाहणाऱ्या. त्यांच्या टेबलावर माझं पत्र होतं आणि त्यावर पेपरवेट ठेवलेलं होतं. त्यांनी मला बसायला सांगितलं, दार लावून घेतलं आणि हलक्या आवाजात विचारलं, “हा माणूस तुमच्या नात्यातला आहे का?”

मी विचारलं, कोण माणूस? बाईंनी पत्र माझ्याकडे सरकवलं. मी ते वाचलं आणि मला काहीही चूक दिसली नाही. उकार बरोबर होते. मी तसं म्हणालोही. मग बाईंनी बोट ठेवून एकेक अक्षर वाचून दाखवलं, पहिलीच्या मुलाला वाचून दाखवावं तसं, आणि एकोणीस वर्षांची माझी अब्रू त्या खुर्चीत माझ्या डोळ्यांदेखत गेली. मी काय करतो असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, छापखान्यात असतो. कुठल्या विभागात, ते मी सांगितलं नाही.

चूक कळल्यावर प्रकरण मिटेल असं मला वाटलं होतं. ते तिथून सुरू झालं. बाई म्हणाल्या, खिसेकापू असता तर पोलिसांना कळवून आम्ही मोकळे झालो असतो. चाकूसाठी मात्र नियम आहे. त्यांनी ‘धोकादायक वस्तू शाळेत आणण्याबाबतचा अर्ज’ काढला. मी म्हटलं, मी आणणारच नाहीये. तर म्हणाल्या, न आणण्याचा वेगळा नमुना नाही, यातच ‘आणण्या’च्या आधी काकपदाची खूण करून ‘न’ घाला. मी आयुष्यात इतकं दुःखी काकपद केलेलं नाही. अर्जासोबत वस्तू धोकादायक नसल्याचा एखाद्या जाणकार व्यक्तीचा दाखला जोडायचा होता. म्हणजे जो चाकू शाळेत यायचाच नाही, तो शाळेत न येण्यासाठी आधी निरुपद्रवी असायला हवा होता. निघताना बाईंनी विचारलं, “आणि तिच्या गणवेशाला सोमवारपासून खिसा आलाय, तो कशासाठी?” मी म्हटलं, रुमालासाठी. त्यांनी ते पत्राच्या मागे लिहून घेतलं.

मी घरी येऊन काकांना झालेली शोभा सांगितली. त्यांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, अर्जाची पोच घेतलीत ना? मग म्हणाले, जाणकार व्यक्ती इमारतीतच आहे, खालच्या सिस्टर. खालच्या मजल्यावरच्या सिस्टर तीस वर्षं इस्पितळात आहेत आणि जगातली प्रत्येक वस्तू त्यांना जखमेच्या आकारानेच आठवते. त्यांना चाकू दाखवला तेव्हा त्यांनी बोटाचा एक, डोळ्याचा एक आणि पोटाचा एक असे तीन किस्से सांगितले. पोटाचा किस्सा ऐकून आई आत जाऊन पडली. सिस्टर म्हणाल्या, सही करीन, पण टोक गोल करून आणा.

टोक गोल करायला मी धार लावणाऱ्याकडे गेलो. तो चाकाशी बसलेला, डोळ्यांवर दोरीने बांधलेला चष्मा. टोक घालवा म्हटल्यावर त्याने मान वर केली नाही, पण तेवढ्यात आई मागून आली. तिला वाटत होतं की मशीन चालूच आहे तर धारही थोडी काढून टाकावी, पोरीचं वय वाढेल तशी परत लावता येईल. त्यावर त्याने चाक थांबवलं. म्हणाला, “चाळीस वर्षं लोक धार लावायला येतात माझ्याकडे. काढायला आलेले तुम्ही पहिले.” मला लाज वाटली. तरी मी म्हटलं, काढा. का म्हटलं ते मला माहीत आहे. सिस्टरचे तीन किस्से माझ्याही पोटात बसले होते, आणि आईच्या आड उभं राहून मला घाबरता येत होतं.

त्या चाकूवरून सिस्टरनी आपलं मनगट दोनदा घासून पाहिलं आणि दाखला लिहून दिला : ‘प्रमाणित करण्यात येते की सदर चाकूने काहीही कापले जात नाही.’ शाळेने अर्ज मंजूर केला. काकांनी पोचपावती स्वतः तपासली. वाढदिवसाला दोन दिवस बाकी होते आणि मी फार दिवसांनी एक काम तडीस नेलं होतं. मी कपाटावरच्या कागदाखाली ‘पूर्तता झाली’ असं लिहायलाही कमी केलं नाही.

वाढदिवसाच्या सकाळी तिने डबी उघडली. नखाने पातं वर काढलं, कडी फिरवून अडकवलं, आणि दांडा मुठीत धरून पाहिला. तो बरोबर बसला. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी सायकल आणली असती तर आलं असतं की नाही, सांगता येत नाही. मग तिने पेन्सिल घेतली आणि टोक करायला गेली. पातं लाकडावरून सरकलं. तिने परत केलं, परत सरकलं. तिसऱ्यांदा तिने केलं नाही. तिने पातं अंगठ्यावर हलकेच फिरवून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, “छान आहे हं बाबा. थँक यू.” हेच वाक्य ती दूरच्या आत्याने आणलेल्या आखूड स्वेटरला म्हणते.

संध्याकाळी मी छापखान्यातून आलो तेव्हा ती आजीला आणि सिस्टरना पेन्सिल दाखवत होती. “बघा, बाबांच्या चाकूने केली.” टोक सुरेख होतं. सिस्टर खूश झाल्या, आई म्हणाली, उगाच घाबरत होतो. मी जेवायला बसलो आणि पाटाशेजारी जमिनीवर मला सालपट दिसलं. पेन्सिलीचं गोल, अखंड, पंख्यासारखं सालपट, कडेला लाल रंगाची बारीक झालर असलेलं. चाकूने कपचे निघतात. अशी झालर फक्त शार्पनरने निघते. मजकूर मला दिसत नसेल, पण ही असली बारीक गोष्ट माझ्या नजरेतून सुटत नाही, आणि त्या दिवशी ती सुटली असती तर बरं झालं असतं.

मी बायकोला ते सालपट दाखवलं. तिला सकाळीच कळलं होतं. ती म्हणाली, “तिने तुम्हांला सांभाळून घेतलं.” छापखान्यात आम्ही हा शब्द एका म्हाताऱ्या बाइंडरबद्दल वापरतो. त्याचे हात थरथरतात, आणि त्याने चुकीची शिवलेली पुस्तकं इतर लोक त्याच्या मागे उसवून परत शिवतात. त्याला ते माहीत नाही. मला मात्र आता माहीत होतं. आठ वर्षांची मुलगी माझ्या मागे शिवत बसली होती, आणि तिला खोटं बोलायला शिकवणारा मीच होतो.

दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून सुतार शोधायला निघालो. तीन गल्ल्या पलीकडे तो एका बंद शाळेची बाकं दुरुस्त करत होता. त्याने चाकू उघडला, उजेडात धरला, आणि विचारलं, “हा कुणी मारला?” मी सगळं सांगितलं. पत्र, अर्ज, दाखला, पोटाचा किस्सा. खिसेकापूसुद्धा सांगितला, कारण आता अब्रूपैकी जपण्यासारखं काही उरलं नव्हतं. तो हसला नाही. त्याने दगड ओला केला आणि काम सुरू केलं. बराच वेळ घासल्यावर एवढंच म्हणाला, “बोथट चाकूला जोर लावावा लागतो साहेब. जोर लावला की तो सटकतो, आणि सटकला की लागतो. तुम्ही तिला लागावं म्हणूनच दिलाय की हा.” मग पातं परत दगडावर. टोक आता आणता येत नव्हतं, ते गोलच राहिलं, पण धार आली. त्याने माझ्या खिशातून कागद मागून घेतला आणि एका हाताने धरून त्यावरून पातं नेलं. कागद आवाज न करता दोन झाला. ती सिस्टरच्या दाखल्याची माझ्याजवळची प्रत होती.

रविवारी सकाळी इमारतीमागच्या अंगणात मी तिला चाकू दिला. बातमी अर्थातच फुटली होती. आई चटई घेऊन आली, सिस्टर कापूस आणि पट्ट्या घेऊन आल्या, काका वही घेऊन आले. बायको खिडकीत उभी होती. मी सगळ्यांच्या देखत म्हणालो, कारण सगळ्यांच्या देखत न म्हणता मला पुढे काही बोलताच आलं नसतं, “परवा मी तुला बोथट चाकू दिला होता. मुद्दाम बोथट करून आणला होता. मी घाबरलो होतो.”

“मला माहीत होतं,” ती म्हणाली.

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही केवढे फिरलात त्याच्यासाठी,” ती म्हणाली. “गाजराचंसुद्धा माप घेतलंत.”

मी तिला सांगितलं की पुन्हा असं झालं तर तोंडावर सांगायचं. तिने मान हलवली. वही आणली नव्हती, त्यामुळे लिहून घेतलं नाही. मग ती अंगणाच्या मधोमध जाऊन दगडावर बसली, पायाशी काडी ठेवली, आणि मिटलेला चाकू मुठीत धरून हात लांब केला आणि बसल्या बसल्या गोल फिरवला. मी विचारलं, हे काय? म्हणाली, सुतारकाका करतात. हात पोचेल तेवढ्यात कोणी असलं तर पातं उघडायचं नाही. हात आईजवळ थांबला, आई चटईसकट मागे सरली. सिस्टर मागे झाल्या, पट्ट्या त्यांच्या मांडीवरून पडल्या. काकांनी हे कुठल्या नियमात आहे असं विचारलं, आणि ते विचारत असतानाच मागे गेले.

मी तिच्या उजव्या खांद्याशी वाकून उभा होतो. काही झालंच तर पटकन हात धरता यावा म्हणून. चाकूचा दांडा येऊन माझ्या शर्टाच्या बटणाला टेकला.

“बाबा, तुम्हीपण.”

मी म्हटलं, मी तुझा बाबा आहे. ती म्हणाली, म्हणूनच. मी एक पाऊल मागे घेतलं. तिने परत हात फिरवून पाहिला, तो अजून माझ्या पोटाला लागत होता. मी आणखी एक पाऊल मागे घेतलं, आणि मग आणखी एक, आता पोचत नाही अशी तिची खात्री होईपर्यंत. मग तिने माझ्याकडे पाठ केली, पातं उघडलं, कडी फिरवली. कडीचा बारीक आवाज मला तिथपर्यंत ऐकू आला. माझे दोन्ही हात पुढे झालेले होते. ते कुठे ठेवावेत ते मला कळेना, म्हणून मी ते खिशात घातले, आणि तिच्या पाठीकडे पाहत उभा राहिलो.